न्यू हेवनचं घड्याळ आणि फुटबॉलवाला वॉल्टर कॅम्प

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोळच्या माजघरातल्या भिंतीवरच्या घड्याळावर ‘न्यू हेवन’ असं नाव आहे. कुणीतरी सांगितलं की या कंपनीचा मालक अमेरिकेतला मोठा फुटबॉलपटू होता, आणि घड्याळाच्या धंद्यातूनच त्याला खेळाचे नियम सुचले. यात खरं किती?

फुटबॉलपटू होता, हे सोळा आणे खरं. मालक म्हणू नका, तो कंपनीचा अध्यक्ष होता. आणि घड्याळावरून खेळ सुचला ही गोष्ट ऐकायला झकास आहे, पण सनावळी तिच्या आड येते. जरा ऐसपैस लिहितो, कारण जुनी अमेरिकन घड्याळं उघडण्यात माझी एकतीस वर्षं गेली आणि या माणसाच्या नादी मी त्या घड्याळांपायीच लागलो.

माणसाचं नाव वॉल्टर कॅम्प. जन्म ७ एप्रिल १८५९, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावी. वडील शाळामास्तर. लहानाचा मोठा झाला न्यू हेवन शहरात आणि १८७६ साली तिथल्याच येल कॉलेजात गेला. त्याच वर्षी हार्वर्डविरुद्ध पहिला सामना खेळला. अंगाने किरकोळ होता. त्याला मैदानात बघून हार्वर्डच्या कप्तानाने ‘हे पोरगं पण खेळणार?’ असं विचारल्याची गोष्ट त्याच्या चरित्रात हमखास येते.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर डोळ्यांसमोर मोहन बागान येईल. हा फुटबॉल आपला नव्हे. अमेरिकेतल्या कॉलेजांनी १८७६ मध्ये रग्बीचे नियम उचलले होते: पंधरा-पंधरा जण, लांबट चेंडू, हातात घेऊन पळायचं, समोरच्याने आडवं पाडायचं. पाडल्यावर दोन्ही बाजूंच्या पोरांचा घोळका चेंडूभोवती जमायचा आणि ज्याच्या पायाशी तो येईल त्याचं नशीब. कॅम्पला खटकला तो हा घोळका. चेंडू कुणाकडे जाणार हे जर नशिबावर, तर आधीपासून आखणी करायची कशाची?

१८७८ पासून तो कॉलेजांच्या नियम ठरवणाऱ्या बैठकींना जाऊ लागला. वय एकोणीस. पहिली सूचना, पंधराऐवजी अकरा गडी. ती तेव्हा फेटाळली गेली. दोन वर्षांनी, १८८० मध्ये मान्य झाली, आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट मंजूर झाली. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याच संघाने तो जमिनीवर ठेवायचा, मधल्या गड्याने पायाने मागे सरकवायचा आणि मागच्याने उचलायचा. याला स्क्रिमेज म्हणतात. वरवर बघता एवढासा बदल, पण रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल यांच्या वाटा तिथे फुटल्या. घोळका गेला, पाळी आली. आता चेंडू कुणाचा हे ठरलेलं, म्हणजे पुढची चाल आधी घोकून ठेवता येणार.

पण नियम करणाऱ्याला पळवाटा दाखवायला खेळाडू बसलेलेच असतात. १८८१ चा येल विरुद्ध प्रिन्स्टन सामना बघा. चेंडू एकदा आपल्याकडे आला की तो सोडायचं कारणच नियमात नव्हतं. प्रिन्स्टनने अख्खा पहिला अर्धा भाग चेंडू स्वतःकडे दाबून ठेवला. पुढे सरकायचा प्रयत्नही नाही. ठेव, सरकव, पड, पुन्हा ठेव. दुसऱ्या अर्ध्यात येलने तेच केलं. शून्य-शून्य. पैसे मोजून आलेले प्रेक्षक काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

कबड्डी बघणाऱ्याला हा पेच लगेच कळेल. रेडर नुसता रेषा ओलांडून परत यायला लागला की खेळ मरतो. म्हणून प्रो कबड्डीत सलग दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ असते. कॅम्पने १८८२ मध्ये काढलेला तोडगा याच जातीचा होता. तीन प्रयत्नांत किमान पाच यार्ड, म्हणजे साधारण साडेचार मीटर, पुढे जा. नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्या. आता पाच यार्ड झाले की नाही हे बघायचं कसं? मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याची आडवी रेघ मारायची. मैदान जाळीच्या तव्यासारखं दिसायला लागलं, आणि त्यावरूनच अमेरिकेत त्याला ‘ग्रिडायर्न’ नाव पडलं. १८८३ मध्ये गुणांचा तक्ता आला. त्यात चेंडू घेऊन रेषेपलीकडे जाण्याला, म्हणजे टचडाऊनला, दोनच गुण होते आणि मैदानातून मारलेल्या गोलला पाच. आजचा प्रेक्षक हे बघून चक्रावेल.

आता सनावळी समोर ठेवा. अकरा गडी आणि स्क्रिमेज १८८०, तीन प्रयत्नांचा नियम १८८२. या काळात कॅम्प कुठे होता? येलमध्येच, १८८० ला पदवी घेऊन तो तिथल्याच वैद्यकीय शाखेत शिकत होता. डॉक्टरकी सोडली दोनेक वर्षांत. रक्त बघवत नव्हतं म्हणून सोडली असं सांगतात. (पुढे ज्या खेळात पोरांची डोकी फुटत होती त्याचा हा जनक, असो.) तेव्हा वर्षांची मर्यादा नव्हती, म्हणून सगळं मिळून सात हंगाम तो येलकडून खेळला. त्यानंतर न्यू यॉर्कमध्ये मॅनहॅटन वॉच कंपनीत नोकरी, आणि मग न्यू हेवन क्लॉक कंपनी. म्हणजे खेळाची मोडणी आधी झाली, घड्याळं नंतर आली. ‘कारखान्यात घड्याळाचे सुटे भाग बघून त्याला अकरा गड्यांच्या अकरा जागा सुचल्या’ वगैरे जे लिहिलं जातं ते मागाहून जुळवलेलं आहे.

तरीही हे जुळवणाऱ्यांना मी सरसकट मोडीत काढत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच घड्याळाच्या पोटात आहे.

घड्याळाचं मशीन कधी उघडलं असेल तर आठवा. स्विस किंवा जर्मन मशीनमधली छोटी चाकं, ज्यांना आम्ही पिनियन म्हणतो, ती एकसंध पोलादातून दाते कापून केलेली असतात. कनेक्टिकटच्या घड्याळात पितळेच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये गोल बसवलेल्या पोलादी तारांचे तुकडे, कंदिलाच्या पिंजऱ्यासारखे. तार झिजली तर ती काढून नवी घालायची, झालं काम. पुढच्या-मागच्या पट्ट्या ओतीव नाहीत, पितळेच्या पत्र्यातून ठशाने कापलेल्या, वजन वाचावं म्हणून मध्ये खिडक्या ठेवलेल्या. लंबकाचा झोका पकडणारा पॅलेट म्हणजे पोलादाची एक वाकवलेली पट्टी. दोन कमानी, म्हणजे चावीने गुंडाळायच्या स्प्रिंगा, एक वेळेची, एक टोल्यांची. त्यांना डबीसुद्धा नाही, उघड्याच. युरोपातला घड्याळजी हे बघून नाक मुरडतो. पण आठवड्यातून एकदा चावी दिली की शंभर वर्षांनीही ते चालतं, आणि बिघडलं तर गावातला कुणीही बऱ्या हाताचा माणूस ते उभं करू शकतो.

ही पद्धत रुजवणारा चॉन्सी जेरोम नावाचा घड्याळजी. त्याने १८४२ मध्ये इंग्लंडला पितळी घड्याळं पाठवली तेव्हाची गंमत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. किंमत इतकी कमी लावली होती की कस्टमवाल्यांना वाटलं, जकात चुकवायला खोटा भाव दाखवलाय. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांनी दाखवलेली किंमत वर दहा टक्के घालून मोजली आणि माल जप्त केला. जेरोमला काय, एकरकमी गिऱ्हाईक मिळालं. त्याने दुसरी खेप पाठवली, तीही जप्त. तिसऱ्या खेपेला त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे जेरोमची कंपनी बुडाली, सर्कसवाल्या बार्नमचे पैसेही तिच्यात अडकले, आणि तिचा पसारा १८५३ मध्ये सुरू झालेल्या न्यू हेवन क्लॉक कंपनीने घेतला. कॅम्प रुजू झाला ती कंपनी अशी होती: सारखे भाग, स्वस्त भाग, प्रत्येक भागाचं एकच काम.

आणि त्याच्या फुटबॉलमध्येही हेच आहे, हे नाकारता येत नाही. मधला गडी चेंडू सरकवणार, त्याच्या मागचा क्वार्टरबॅक उचलून देणार, कडेचे दोघे वाट अडवणार. ही त्याची आणि त्या कारखान्याची सामाईक हवा होती, एवढंच मी म्हणेन. कनेक्टिकटमध्ये त्या काळी वाढलेल्या हुशार मुलाला असंच सुचायचं. नोकरीने त्याला नियम दिले नाहीत. तिने दिली खुर्ची, आणि माझ्या मते ती जास्त मोलाची होती.

कसं ते सांगतो. येलचा प्रशिक्षक म्हणून कॅम्पने १८८८ ते १८९२ या पाच हंगामांत ६७ सामने जिंकले आणि फक्त २ हरले. त्यासाठी पगार घेतला नाही, घ्यायची गरजही नव्हती. कॉलेजचा खेळ हा हौसेचाच हवा, पैसा आला की तो नासला, असं तो जन्मभर सांगत राहिला. आणि घड्याळ कंपनीतून पोट भरत असल्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होतं. शिवाय आज इथे, उद्या तिथे नोकरी शोधत फिरणाऱ्या प्रशिक्षकाला नियम समितीवर सत्तेचाळीस वर्षं बसता आलं नसतं.

पण नोकरी म्हटलं की वेळेचं बंधन आलंच. सराव दुपारी, आणि दुपारी साहेब ऑफिसात. मग मैदानावर कोण जायचं? त्याची बायको ॲलिस.

१८८८ च्या जूनमध्ये त्यांचं लग्न झालं. ॲलिस ही विल्यम ग्रॅहम समनर या नामांकित समाजशास्त्रज्ञाची बहीण, समनर येलचेच प्राध्यापक. नवी नवरी त्या हंगामात रोज सरावाला हजर. कडेने फिरायची, कोण कुठे उभा होता, कोणती चाल फसली, कोण दमला, याच्या नोंदी ठेवायची. संध्याकाळी कॅम्प घरी आला की तिचा वृत्तान्त, मग रात्री कप्तान आणि मुख्य खेळाडू घरी, आणि दुसऱ्या दिवशीची आखणी. त्या वर्षीचा येलचा हिशेब असा: १३ सामने, १३ विजय, स्वतःचे गुण ६९८ आणि समोरच्यांचे सगळ्यांचे मिळून शून्य. त्या संघात पुढे शिकागोला नाव काढणारा ॲमॉस ॲलोन्झो स्टॅग होता आणि पज हेफेलफिंगर नावाचा धिप्पाड गडीही. मैदानावरची ॲलिस वजा केली तर त्या ६९८ मधले किती उरतील, हा हिशेब कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडेही दुकानाची पाटी एकाच्या नावाची आणि गल्ल्यावर बसणारी दुसरी, हे काही नवीन नाही.

हेफेलफिंगरचं नाव निघालंय तर एक जोडगोष्ट. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्गजवळच्या ॲलेगेनीच्या संघाकडून एक सामना खेळायला त्याने ५०० डॉलर घेतले. पैसे घेऊन फुटबॉल खेळल्याची ही पहिली कागदोपत्री नोंद मानतात. कॅम्पच्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आणि त्यानेच हौशीपणाच्या भिंतीतली पहिली वीट काढली.

तशी ती भिंत आतूनही पोकळ होती. येलच्या खेळांचा पैसा सांभाळणारा खजिनदार कॅम्पच होता. सामन्यांची तिकिटं हजारोंनी खपत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पत्रकार खोदायला लागले तेव्हा बाहेर आलं की त्याच्या ताब्यात सुमारे एक लाख डॉलरची शिल्लक आहे, जिची कॉलेजात फार कुणाला वार्ताही नव्हती. खिशात घातले असा आरोप मी करणार नाही, तसा पुरावा नाही. पण ‘खेळात पैसा नको’ म्हणणाऱ्याच्या कपाटात त्या काळचे लाख डॉलर, हे चित्र काही शोभणारं नाही. येलचं प्रचंड स्टेडियम, येल बोल, १९१४ मध्ये उघडलं. उद्घाटनाच्या सामन्यात हार्वर्डने यजमानांना ३६-० असं धुतलं.

त्याहून मोठा डाग म्हणजे दुखापती. नियमांनी पाच यार्डांची सक्ती केली, आणि पाच यार्ड मिळवायचा सोपा मार्ग काय? सगळ्यांनी एकमेकांना चिकटून एकाच जागी धडक मारायची. १८८८ मध्ये कमरेखाली पकडायला परवानगी मिळाली तेव्हा मोकळ्या मैदानात पळणं आणखी अवघड झालं आणि धडका वाढल्या. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध ‘उडती पाचर’ आणली. गडी लांबून धावत येऊन पाचरीच्या आकारात एकाच माणसावर आदळायचे. ती दोन वर्षांत बंद झाली, पण वृत्ती गेली नाही. १८९४ मध्ये कॅम्पने जुन्या खेळाडूंना आणि शाळा-कॉलेजांना पत्रं पाठवून त्यांची मतं छापली. त्यातला विरोधाचा सूर त्याने छापताना दाबला, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. धंदेवाईक माणसाची ही जुनी खोड. तक्रारवही गिऱ्हाइकाला दिसेल अशी ठेवायची नाही.

१९०५ च्या हंगामात एका शिकागोच्या वर्तमानपत्राने १८ मृत्यू मोजले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने ९ ऑक्टोबरलाच हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून बजावलं होतं. त्यात कॅम्प होता. हंगामानंतर इतर कॉलेजांनी एकत्र येऊन वेगळी संघटना काढली, तीच आजची एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना. त्यांना चेंडू पुढे फेकायला परवानगी हवी होती, म्हणजे धडकाधडकी फुटेल. कॅम्पचा याला विरोध. त्याचं म्हणणं, तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड करा, म्हणजे नुसत्या धडकेने भागणार नाही, मोकळं खेळावंच लागेल. १९०६ मध्ये दोन्ही मंजूर झालं. समितीचं चिटणीसपद मात्र त्याच्या हातून हार्वर्डच्या बिल रीडकडे गेलं. आज टीव्हीवर दिसणारा खेळ निम्मा त्याचा आणि निम्मा त्याने अडवलेला आहे.

इकडे धंद्यात त्याची चढती कमान होती. १९०३ मध्ये तो न्यू हेवन क्लॉक कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९२३ च्या सुमारापर्यंत ते पद त्याच्याकडे होतं. म्हणजे व्हाइट हाउसच्या त्या बैठकीत बसलेला माणूस घड्याळ कंपनीचा चालू अध्यक्ष होता. ऑफिसबाहेरच्या वेळात वर्तमानपत्रांत आणि मासिकांत शेकड्यांनी लेख, पुस्तकं, आणि दरवर्षी देशातल्या उत्तम अकरा खेळाडूंची यादी. ही ‘ऑल अमेरिका’ यादी १८८९ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या वर्षी अकराच्या अकरा जण येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन याच तिघांचे होते. आपल्याकडच्या निवड समित्यांची आठवण झाली तर दोष माझा नाही. पण १८९२ आणि १८९३ च्या याद्यांत हार्वर्डचा विल्यम लुईस हा कृष्णवर्णीय खेळाडूही आहे, हे त्या काळाच्या मानाने लक्षात ठेवण्यासारखं.

पहिल्या महायुद्धात त्याने नौदलाच्या रंगरुटांसाठी बारा व्यायामांचा संच बसवला, ‘डेली डझन’. नावं तीन-तीनच्या गटात, एका गटातली एकाच अक्षराने सुरू होणारी, पाठ व्हावीत म्हणून. युद्धानंतर त्याच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या आणि घरोघरी माणसं सुईच्या तालावर हातपाय हलवायला लागली. फुटबॉल न बघणाऱ्या अमेरिकेला तो यामुळेच माहीत झाला.

१४ मार्च १९२५. न्यू यॉर्कमध्ये फुटबॉलच्या नियम समितीची बैठक चालू होती. सकाळी कॅम्प आला नाही. वेळेचा पक्का माणूस, म्हणून कुणीतरी हॉटेलच्या खोलीत बघायला गेलं. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. कंपनी त्यानंतर पस्तीसेक वर्षं रखडत चालली आणि १९६० च्या सुमाराला संपली.

आता तुमच्या घड्याळाचं. तबकडीवर नाव आहे म्हणून ते न्यू हेवनचंच, असं धरून चालू नका. जुन्या बाजारात एकाची पेटी, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याची तबकडी असा संसार सर्रास लावून देतात. मीही सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका ‘अस्सल’ नगाला फसलो आहे. मशीन उतरवलं तेव्हा आत भलत्याच गावचा ठसा निघाला. लंबक आधी काढून ठेवा, तबकडीचे स्क्रू सोडा आणि मागच्या पितळी पट्टीवर टॉर्च मारा. तिथे ‘न्यू हेवन क्लॉक कंपनी’ असा ठसा असेल तर मशीन खरं. पेटीच्या आत पाठीमागे कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ते ओल्या फडक्याने पुसू नका, फोटो काढा. पेटीचा आकार आणि ठशाची अक्षरं यांवरून साल अंदाजे सांगता येईल, आणि ते १९०३ ते १९२३ मध्ये आलं तर कॅम्पच्या अमदानीतलं म्हणायला हरकत नाही.

आणि एक, टोल्यांची कमान सैल आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या कमानी उघड्या असतात हे वर सांगितलंच. चावी लावून स्वतः काही करायला जाऊ नका. सुटली तर बोट घेऊन जाते. तोवर फक्त वेळेच्या बाजूची चावी द्या, दर रविवारी, आणि टोले राहू देत.